निवाडा न करण्याचा धर्म

महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ असे आहे. सज्जनांचे रक्षण करावे आणि दुर्जनांना आळा घालावा, यात वावगे काही दिसत नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंत आपल्या अवताराचे जे प्रयोजन सांगतात, त्याच्याशी या ब्रीदाचे नाते शाळकरी मुलाच्याही लक्षात येईल. अडचण नेमकी तिथेच सुरू होते. सज्जन कोण आणि दुर्जन कोण हे अवताराला कुणाला विचारावे लागत नाही. तो अंतर्यामी आहे. रात्री नाकाबंदीला उभ्या असलेल्या हवालदाराला मात्र समोरून मोटारसायकलवर येणाऱ्या माणसाच्या मनात काय आहे, हे कळायला काही मार्ग नाही. काम देवाचे दिले, देवाची दृष्टी दिली नाही. मग ते काम धर्माने करायचे कसे? पोलिसाच्या हातातली ताकद धर्म्य ठरते ती तो खलांशी किती जोराने लढतो यावरून नव्हे, तर कुणाला खल ठरवण्याचा मोह तो किती आवरतो यावरून, असे मला वाटते. अडवणे, धरणे, हजर करणे हे त्याचे काम. माणसाचा निवाडा त्याच्याकडे नाही, आणि तो नसणे ही कायद्याची निव्वळ सोय नाही. त्या पेशाचे सगळे नैतिक बळ त्यातूनच येते.

आपल्या परंपरेने दंडाचा विचार कमी केलेला नाही. शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला सांगतात की, आरंभी राज्य नव्हते, राजा नव्हता, दंडही नव्हता. लोक धर्मानेच एकमेकांना सांभाळत होते. पुढे मोह आणि लोभ शिरले, मोठा मासा लहान माशाला गिळू लागला आणि दंड आवश्यक झाला. म्हणजे दंड हा मूळ धर्म नव्हे, धर्म क्षीण झाल्यावरचा उपाय आहे. हत्यार हाती घेणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवायला हरकत नाही. कौटिल्य म्हणतो की, दंड फार तीक्ष्ण केला तर प्रजा त्रासते, फार मऊ केला तर जुमानत नाही. योग्य तेवढा दिला तरच मान राहतो. मनुस्मृतीत बाकी काहीही असो, अन्यायाने चालवलेला दंड चालवणाऱ्या राजालाच सहकुटुंब संपवतो, ही धास्ती तिथेही आहे. या सगळ्या ग्रंथांना एकच भीती सतावते: दंड देणाराच निवाडा करणारा असेल तर त्याला आवरायचे कुणी? त्यांच्याकडचे उत्तर म्हणजे राजाचा इंद्रियजय. राजा संयमी असावा, बस्स. राज्यघटनेने हा भरवसा कुणा एकाच्या शीलावर ठेवला नाही. शोध पोलिसाकडे, निवाडा न्यायाधीशाकडे, बंदिवास तुरुंगाकडे, अशी वाटणी पक्की केली. ही पश्चिमेची उसनवारी आहे असे म्हणणारे भेटतात. मला ती मनूच्या आणि कौटिल्याच्या धास्तीवर उशिरा सापडलेली तोड वाटते.

निवाड्याचा मोह काय करू शकतो, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा इतिहासातच आहे. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला. त्यात माणसाने काय केले हा प्रश्नच उरला नाही. तो कुणाच्या पोटी जन्मला एवढे पुरेसे झाले. पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींच्या माणसांना पोलीस ठाण्यात हजेरी लावावी लागे, गाव सोडायला परवानगी लागे. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाची वसाहत होती. तिला लोक ‘सेटलमेंट’ म्हणत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्याच्या कागदावर ‘विमुक्त’ झाल्या. पण चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायचे, ही सवय कोणत्याही राजपत्राने रद्द होत नाही. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, मराठी वाचकाने ते पुस्तक वाचले, हळहळही केली, तरी संशयाची वाट फारशी बदलली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंग नियमावल्यांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवावा लागला, आणि त्या निकालात विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार मानण्याच्या वृत्तीचाही समाचार घ्यावा लागला. सुमारे सातशे वर्षांपूर्वी ज्ञानेश्वरांनी पसायदानात जे मागणे मागितले त्याच्याशी हे ताडून पाहावे. दुष्ट माणूस नाहीसा व्हावा असे ते म्हणत नाहीत. त्याचा वाकडेपणा गळून पडावा आणि त्याला चांगल्या कामाची ओढ लागावी, असे ते म्हणतात. दुष्टपणा ही त्यांच्या लेखी माणसाची अवस्था आहे, आणि अवस्था पालटते. १८७१ च्या कायद्याने तिची जात केली. पोलिसाने संशयिताकडे कोणत्या नजरेने पाहावे, याचे अधिक व्यवहारी मार्गदर्शन या दोहोंपैकी कुठे आहे हे सांगायला पंडित नको.

कायद्यालाही हे उमगले होते, आणि तेही इंग्रजांच्याच काळात. मद्रास इलाख्यात नेमलेल्या आयोगाने १८५५ मध्ये महसूल आणि पोलीस कर्मचारी लोकांचा कसा छळ करतात ते उघडे केले. पुढे नियम झाला की, पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचे हे पंचविसावे कलम. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते तेविसाव्या कलमात टिकून आहे. पोलिसांना हा नियम अपमानासारखा वाटतो, आणि ते समजण्यासारखे आहे. ज्याच्यावर रस्त्याचा, सभेचा, दंगलीचा भार टाकायचा, त्याच्या शब्दावर मात्र विश्वास नाही! पण नियमाची दुसरी बाजू पाहण्यासारखी आहे. कबुलीला किंमत असती तर प्रत्येक तपास कोठडीतच संपला असता, आणि आरोपीच्या तोंडून ‘मीच केले’ हे वदवणे हेच तपासाचे उद्दिष्ट झाले असते. ते मूल्य काढून घेऊन कायद्याने पोलिसाला बाहेर, पुराव्याच्या शोधात पाठवले: हत्यार कुठे आहे, साक्षीदार कोण, वेळ जुळते का. कबुली मागणारा माणूस मनाने न्यायाधीश झालेला असतो. त्याला उत्तर आधीच ठाऊक असते. पुरावा शोधणाऱ्याला ते ठाऊक नसते. न ठाऊक असण्याची ही जागा कायद्याने पोलिसासाठी मुद्दाम राखली, आणि थर्ड डिग्री नेमकी ती जागा बळकावते. अटकेनंतर चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याची घटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाची सक्तीही त्याच जातकुळीतली.

यावरचा सर्वांत जोरकस आक्षेप सगळ्यांना माहीत आहे. न्यायालयात खटले वर्षानुवर्षे लोंबकळतात, साक्षीदार फुटतात, गुन्हेगार जामिनावर सुटून त्याच गल्लीत येतो. अशा वेळी पोलिसाने ‘तिथल्या तिथे’ निकाल लावला तर काय चुकले? मुंबईने ही भाषा १९८२ पासून ऐकली आहे. १९९५ ते १९९७ या काळातल्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मेली, आणि त्यावरूनच उभ्या राहिलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये चकमकींच्या चौकशीची सोळा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूर प्रकरणातला आरोपी पोलीस गाडीत गोळी लागून मेला तेव्हा ‘बदला पुरा’ असे फलक झळकले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पुढे पाच पोलिसांना जबाबदार धरले. लोकांचा संताप खोटा नव्हता. लहान मुलींवरच्या अत्याचाराने ज्याचे रक्त तापत नाही त्याला माणूस तरी का म्हणावे? पण संताप खरा असला म्हणून निवाडा खरा ठरत नाही. न्यायालये मंद असतील तर उपाय न्यायालयांत हवा: न्यायाधीशांच्या जागा भराव्यात, साक्षीदारांना संरक्षण द्यावे. पोलिसाला न्यायाधीश केल्याने न्याय वेगवान होत नाही, तो फक्त बंद दारामागे जातो. तिथे चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही, कारण ज्याच्याबाबत झाली तो उरलेलाच नसतो. २००६ च्या वर्सोव्यातल्या चकमकीबद्दल २०१३ मध्ये पोलिसांनाच जन्मठेप झाली, हेही चकमकींना मिळणाऱ्या टाळ्यांच्या हिशेबात धरायला हवे. गंमत अशी की, चकमकीला टाळ्या वाजवणारा मध्यमवर्गीय आपल्या मुलाला सिग्नलवर अडवले तर लगेच वकिलाला फोन लावतो.

दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे, आणि मला तो पहिल्यापेक्षा वजनदार वाटतो. पोलिसाला क्षणोक्षणी ठरवावेच लागते: कोणती गाडी थांबवायची, कुणाची तक्रार खरी, जमाव पांगवायचा की बोलून शांत करायचा. निवाडा न करणारा पोलीस म्हणजे आंधळा पोलीस, असे कुणी म्हणेल. उत्तर असे की, संशय आणि निवाडा यांत अंतर आहे. संशय कृतीवर असतो, तात्पुरता असतो, मागे घेता येतो. निवाडा माणसावर शिक्का मारतो. नाकाबंदीत अडवलेल्याला पाच मिनिटांत ‘जा’ म्हणता येते. ज्याला आपण मनात खल ठरवले त्याला तसे सोडवत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे मुले पळवणारे आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. भिक्षा मागत फिरणारी, नाथांचे नाव घेणारी ही माणसे. जमावाचा निवाडा झालेला होता. अशा ठिकाणी वेळेत पोहोचलेल्या पोलिसाचे काम काय असते? समोरचे निर्दोष आहेत याची खात्री त्यालाही नसते, आणि ती असण्याची गरजही नाही. दोषी असो वा निर्दोष, जमावाच्या हाती द्यायचा नाही, एवढेच त्याला कळायला हवे. सज्जनांचे रक्षण म्हणजे आधी सज्जनपणाचा दाखला तपासून मग रक्षण, असा अर्थ घेतला तर राईनपाड्याच्या त्या पाच जणांना वाचवायला कुणी पुढे होणार नाही.

तिसरा आक्षेप सहानुभूतीतून येतो. बारा-बारा तास उभे राहणाऱ्या, सणावाराला घरी नसणाऱ्या शिपायाकडून ही स्थितप्रज्ञता मागायची म्हणजे निर्दयपणा नाही का? आषाढीला लाखो वारकरी विठ्ठलाकडे जातात. बंदोबस्तावरचा पोलीस त्यांच्याकडे तोंड आणि देवळाकडे पाठ करून उभा असतो. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पोलीसच रस्त्यावर उतरले होते, ते काही चैनीसाठी नव्हे. त्यांचे तास, घरे, रजा यांचा प्रश्न खरा आहे आणि त्याला तत्त्वज्ञानाने उत्तर देणे म्हणजे थट्टा ठरेल. पण निवाड्याचे ओझे काढून घेणे हे वाढीव काम नाही, उलट कमी केलेले काम आहे. गीतेतला फलत्याग इथे विलक्षण व्यवहारी ठरतो. तपास नीट करावा, पंचनामा खरा लिहावा, साक्ष प्रामाणिक द्यावी. शिक्षा होणे हे आपले फळ नव्हे. ज्याने शिक्षा हेच आपले फळ मानले, तो पुरावा कमी पडला की पुरावा तयार करतो.

निवाडा बाजूला ठेवला की पोलीस समाजात काय करू शकतो, हे भिवंडीने दाखवले आहे. १९८४ मध्ये हे शहर दंगलीत होरपळले. तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत समित्या उभारल्या. त्यांत दोन्ही धर्मांची साधी माणसे आणि ठाण्याचे पोलीस एकत्र बसत, नळाच्या भांडणापासून मिरवणुकीच्या वाटेपर्यंत सगळे बोलत. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. मुंबईत काय झाले ते श्रीकृष्ण आयोगाच्या १९९८ च्या अहवालात आहे. पोलिसांच्या मुस्लिमविरोधी पूर्वग्रहाची नोंद त्याने केली आणि ३१ पोलिसांवर ठपका ठेवला. एक शहर आणि दुसरे शहर यांत मनुष्यस्वभावाचा फरक नव्हता. एका ठिकाणी पोलिसाला शेजारचा माणूस नावाने माहीत होता, दुसऱ्या ठिकाणी त्याच्या मनात एका अख्ख्या समाजाचा निकाल लागून गेला होता.

आणि ज्यांना हे सगळे मवाळपणाचे वाटते, त्यांनी गिरगाव चौपाटी आठवावी. २६ नोव्हेंबर २००८ च्या त्या रात्री सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी, हातात काठीशिवाय काही नसताना, कसाबची रायफल धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यांच्यामुळे तो जिवंत हाती लागला. त्याच्यावर खटला चालला, त्याला वकील मिळाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झाले, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. कट कुठे शिजला हे जगापुढे पुराव्यानिशी मांडता आले ते या चार वर्षांमुळे. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. पोलिसाच्या शौर्याचे याहून चोख उदाहरण मला तरी माहीत नाही. २०१४ च्या त्या सोळा तत्त्वांत एक असेही आहे की, चकमकीनंतर लगेच कुणाला बढती किंवा शौर्यपदक देऊ नये. शौर्य निःसंशय सिद्ध झाल्यावरच ते द्यावे. सरकारवर ते बंधनकारक आहे. हार आणि पेढे घेऊन ठाण्यात जाणाऱ्या मंडळांनी आणि पुढाऱ्यांनीही ते स्वतःहून पाळावे.