चार बोटं ओल

सिअ‍ॅटलच्या पावसाचं नाव ऐकून गेलेल्या मराठी माणसाचा दोन दिवसांत हिरमोड होतो. तिथला पाऊस कोसळत नाही, नुसता मुक्कामाला असतो. भुरभुर चालू, आभाळ राखाडी, रस्ते ओले आणि छत्री जवळजवळ कोणाच्याच हातात नाही. "याला पाऊस म्हणतात?" असं मी विमानतळावरच विचारलं. गिरगावच्या मित्राकडे उत्तर तयारच होतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला. सिअ‍ॅटलला जवळपास तेवढ्या पावसासाठी अख्खं वर्ष लागतं! मुंबईचा सव्वादोन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस चार महिन्यांत उरकतो. सिअ‍ॅटलचा हजाराच्या आतबाहेरचा पाऊस वर्षातल्या दीडशेएक दिवसांवर पसरतो, त्यातही बराचसा थंडीत. ऐन उन्हाळ्यात तिथे आभाळ कोरडं असतं. म्हणजे पावसाची कीर्ती मिलिमीटरवर ठरत नाही, आणि आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. पुढच्या तीन दिवसांत ही गोष्ट आम्हाला वेगवेगळ्या रूपांत भेटत राहिली.

आम्ही चौघे तीस वर्षांपूर्वी एका होस्टेलात राहिलेले. एक गिरगावचा, एक चिपळूणचा, एक माण तालुक्यातला, दहिवडीकडचा. हे तिघे आता सिअ‍ॅटलच्या उपनगरांत स्थायिक. चौथा मी, पुण्याहून गेलेला पाहुणा. दिवाळीनंतरच्या आठवड्यात उरलेला चिवडा आणि चकल्या घेऊन आम्ही ऑलिंपिक द्वीपकल्पाची फेरी करायला निघालो. एडमंड्सला गाडी थेट बोटीत चढवली, अर्ध्या तासात पलीकडे किंग्स्टनला उतरवली आणि 101 नंबरचा हायवे धरला. तो या डोंगराला जवळपास वळसा घालतो.

डोंगर म्हणजे ऑलिंपिक पर्वत. त्याचं सर्वांत उंच शिखर 2,432 मीटर, कळसूबाईच्या जवळजवळ दीडपट. पॅसिफिकवरून येणारे ओले वारे त्यावर चढतात, थंड होतात आणि पश्चिमेच्या उतारावर रिकामे होतात. होह नावाच्या खोऱ्यात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डोंगर ओलांडून खाली उतरताना तेच वारे तापतात, कोरडे होतात. त्या कोरड्या अंगाला स्क्विम नावाचं गाव आहे. होहच्या जंगलापासून रस्त्याने अडीच तास, आणि पाऊस जेमतेम 400 मिलिमीटर. शाळेच्या भूगोलात आपण याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणायला शिकलो.

स्क्विमला आम्ही चहाला थांबलो. भुरभुर मागे राहिली होती, डोक्यावर चक्क ऊन होतं. दहिवडीचा मित्र गाडीतून उतरला, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "आलं रं आमचं गाव."

त्याचं बरोबरच होतं. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर असलेल्या माणमध्ये साडेचारशेच्या आसपास. वारे बदलले, समुद्र बदलला, पण भौतिकशास्त्र तेच. फरक पुढे सुरू होतो. स्क्विमला माणपेक्षाही कमी पाऊस पडतो, तरी स्क्विमवर कोणी 'दुष्काळी' असा शिक्का मारलेला नाही. तिथे लॅव्हेंडरची शेती आहे, आणि निवृत्त माणसं मुद्दाम ऊन खायला येऊन राहतात. 1890 च्या दशकात तिथल्या शेतकऱ्यांनी डंजनेस नदीला पाट काढला, आणि 1896 पासून आजतागायत दर मे महिन्यात त्या पाटाचा उत्सव होतो. पाटाचा उत्सव! आपल्याकडे पाण्याची मिरवणूक निघते ती टँकर गावात शिरतो तेव्हा.

लगेच आपल्या लोकांना आळशी ठरवण्याआधी दोन गोष्टी सांगायला हव्यात. डंजनेस नदी बर्फाच्या डोंगरात उगम पावून कोरड्या भागात उतरते. माणगंगा मुळात पर्जन्यछायेतच उगम पावते, तिच्या माथ्यावर ना बर्फ ना घाटमाथ्याचा पाऊस. दुसरं, स्क्विमच्या पाटाखालची जमीन आधी स्क्लालम लोकांची होती. 1855 च्या तहात ती गेली. त्यांच्यातल्या काही कुटुंबांनी 1874 मध्ये पैसे गोळा करून, 500 डॉलर मोजून, 210 एकर जमीन विकत घेतली. आपल्याच पूर्वजांच्या भूमीवर राहता यावं म्हणून! पाट खोदणाऱ्यांचे कष्ट खरे, पण ज्या जमिनीवर तो खोदला ती मोकळी पडलेली नव्हती.

पोर्ट एंजलिसला जेवायला बसलो तेव्हा वेटरने बर्फाच्या पाण्याचे मोठाले ग्लास आणून ठेवले. अमेरिकेत हे न मागता येतं आणि अर्धं पिऊन झालं की पुन्हा भरलं जातं. जेवण झालं, बिल आलं, आम्ही उठलो. दहिवडीचा मात्र उभ्या उभ्या आपला ग्लास संपवत होता. मग त्याने शेजारचा माझा ग्लास उचलला, तोही संपवला. बावीस वर्षं हा माणूस या देशात आहे. "तहान लागलीय का एवढी?" मी विचारलं. "नाय," तो म्हणाला, "ते ओतून टाकतील."

तिथून पुढे लेक क्रेसंट लागतं. हिमनदीने कोरलेलं, 190 मीटरपर्यंत खोल, आणि नत्र कमी असल्यामुळे शेवाळ फारसं न धरणारं निळंशार पाणी. पूर्वी शेजारचं लेक सदरलँड आणि हे मिळून एकच सरोवर होतं. हजारो वर्षांपूर्वी दरड कोसळली आणि त्याचे दोन भाग झाले. स्थानिक आदिवासींची कथा अशी की पायथ्याशी दोन जमाती लढत बसल्या, म्हणून स्टॉर्म किंग डोंगराने रागावून आपल्या माथ्याचा कडा त्यांच्यावर फेकला.

त्या डोंगराच्या पायथ्याशी आमचीही लढाई जुंपली. दहिवडीचा म्हणाला, पर्जन्यछाया वगैरे ठीक आहे, पण घाटाच्या अलीकडे पडलेला पाऊस तरी तुम्ही आमच्याकडे कुठं येऊ दिलात? कोयना पूर्ववाहिनी नदी. तिच्या धरणातलं वर्षाला 67.5 टीएमसी पाणी बोगद्यांतून पश्चिमेला सोडायची मुभा आहे. पोफळीला वीज करून ते वाशिष्ठीत पडतं, चिपळूणवरून वाहत समुद्राला मिळतं. चिपळूणचा उसळला. "आम्ही मागितलं होतं का? आमच्या घरात वाशिष्ठी शिरते त्याचं काय?" गिरगावचा गालातल्या गालात हसत होता, म्हणून दहिवडीचा त्याच्याकडे वळला. "तू हसू नको. मुळशीचं पाणी भीमेला यायचं. ते टाटांनी भिऱ्याला उतरवलं, तुझ्या मुंबईत दिवे लागावेत म्हणून." मुळशीच्या शेतकऱ्यांनी 1921 मध्ये त्याविरुद्ध सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले, धरण झालंच. भीमा पुढे सोलापूरकडे जाते, माणगंगाही तिलाच मिळते. म्हणजे एकाच खोऱ्याच्या वरच्या टोकाचं पाणी घाट उतरवून उलट्या बाजूला नेलं, आणि खालच्या टोकाला निसर्गच रुसलाय असं सांगितलं.

वाद मिटला नाही, मिटण्यासारखा नव्हताही. त्या विजेवर महाराष्ट्रातले कारखाने उभे राहिले, आमच्या होस्टेलातल्या रात्रीच्या अभ्यासाचे दिवेही कदाचित तिच्यावरच पेटले असतील. कृष्णेचं पाणी उपसून माण-खटावला नेणारी जिहे-कठापूरसारखी योजना आली, पण वर्षानुवर्षं रखडत. मला पटलं ते एवढंच: पर्जन्यछाया डोंगर पाडतो, दुष्काळ मात्र माणसांच्या निर्णयांनी ठरतो. डोंगर हलवता येत नाही, म्हणून आपण दोन्ही गोष्टींना एकच नाव देऊन मोकळे होतो.

दुसऱ्या दिवशी होहचं जंगल. इथे मात्र चिपळूणचाही गप्प झाला. सिटका स्प्रूस आणि हेमलॉकची आभाळाला भिडलेली झाडं, मेपलच्या फांद्यांवरून दाढीसारखं लोंबणारं शेवाळ, आणि थेंबांचा आवाज. जंगलात एक विचित्र दृश्य दिसतं. मोठमोठी झाडं दोरी लावून पेरल्यासारखी सरळ रेषेत उभी. कोणी लावलेली नाहीत. कधीकाळी तिथे एक मोठं झाड पडलं. खाली जमिनीवर नेचे आणि शेवाळाची एवढी गर्दी की बी रुजायला जागा मिळत नाही. जी बियाणी पडलेल्या ओंडक्यावर पडली ती रुजली, त्याच्या कुजणाऱ्या लाकडावर पोसली, आणि मुळं दोन्ही अंगांनी खाली सोडून मातीला टेकली. अशा ओंडक्याला तिथे 'नर्स लॉग' म्हणतात. आपण दाई-ओंडका म्हणू. शेकडो वर्षांत तो पुरता कुजून नाहीसा होतो. मग मोठी झालेली झाडं मुळांच्या खांबांवर उभी राहतात आणि खाली नुसती पोकळी उरते. मी त्या पोकळीत हात घातला. आत ओलसर तांबडा भुगा होता, बोटांत धरला की विरघळणारा.

ओंडका माहीत नसलेल्या माणसाला वाटेल, हे झाड हवेतच उगवलं.

परदेशातल्या मराठी घरांत, आणि आता पुण्यातही, 'आम्ही स्वतःच्या हिमतीवर वर आलो' हे वाक्य वरचेवर ऐकू येतं. ते खोटं नसतं, अपुरं असतं. आमच्या चौघांच्या खाली सरकारी अनुदानावर चालणारं, नाममात्र फीचं कॉलेज होतं. दहिवडीच्याला ईबीसीची सवलत होती, आणि एक थोरला भाऊ होता. एका दुष्काळात या भावाने आठवीतून शाळा सोडली, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली आणि धाकट्याला मनीऑर्डर पाठवली. तो आजही गावातच आहे. मित्र त्याला पैसे पाठवतो, विहिरीला मदत करतो. "पण ती मदत नाय," जंगलातून परतताना तो म्हणाला, "हप्ता आहे. मुद्दल तर कधी फिटायचंच नाही."

शेवटचा मुक्काम लेक क्विनॉल्टला. 1926 साली बांधलेल्या तिथल्या लॉजमध्ये 1937 च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट जेवले, आणि पुढच्या वर्षी या डोंगराचं राष्ट्रीय उद्यान झालं. लॉजच्या बाहेर एक उंच पर्जन्यमापक आहे, फुटांच्या खुणांचा. इथला पाऊस इंचांत मोजायला परवडत नाही. चिपळूणचा मान डोलावत होता, गिरगावचा फोटो काढत होता. संध्याकाळचे पाच वाजले होते, गावाकडे सकाळचे साडेसहा. दहिवडीच्याने भावाला फोन लावला. रब्बीची ज्वारी पेरून झाली होती, परतीचा पाऊस जेमतेम. त्याने विचारलं, "ओल किती हाय?"

"चार बोटं," पलीकडून आवाज आला. "उगवंल तेवढ्यावर. म्होरचं बघू."

समोर फुटांचं माप, कानाशी बोटांचं. दोन्ही मापं आपापल्या जागी खरी. सिअ‍ॅटल असो नाहीतर सातारा, पावसाच्या कुठल्याही नोंदीत मिलिमीटरच्या आधी ठिकाणाचं नाव लिहावं लागतं, त्यावाचून आकड्याला अर्थ नसतो. माणसाच्या यशाची नोंदही याच पद्धतीने ठेवावी. किती मिळवलं हे जरूर सांगावं, पण आपण घाटाच्या कुठल्या अंगाला उभे होतो आणि पायाखालचा ओंडका कोणाचा होता, हे त्याच्या आधीच्या रकान्यात लिहावं.