तेल कोठे द्यावे

निर्जीव वस्तूचे मनुष्यावर काही ऋण असते काय, आणि असल्यास ते कशाने फिटते, या प्रश्नाकडे आपल्या धर्मचिंतनाने सरळ तोंड करून क्वचितच पाहिले आहे. देव, ऋषी आणि पितर यांची ऋणे गणली गेली, त्यांच्या फेडीचे मार्गही ठरले. सुताराच्या वाकसाचे आणि लोहाराच्या ऐरणीचे ऋण मात्र त्या त्रयीत बसले नाही, आणि लोकाचाराने ते खंडेनवमीच्या खाती टाकून मोकळा श्वास घेतला. वर्षातून एक दिवस हत्यारे धुवावी, पुसावी, मांडावी, त्यांना हळदकुंकू वाहावे, फूल वाहावे, नमस्कार करावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्याकडून वर्षभराचे काम वसूल करण्यास प्रारंभ करावा, असा हा करारनामा आहे. हा करारनामा कारागिरांबरोबर परदेशीही गेला आहे. दुबईच्या जबल अली भागातील नव्या हिंदू मंदिराचे उद्घाटन 2022 साली 4 ऑक्टोबरला झाले तो दिवस नेमका नवमीचा होता. आणि मंदिरापासून दूर, शारजाच्या औद्योगिक वसाहतींतील पत्र्याच्या गाळ्यांमधून, जेथे जेथे हिंदी कारागिरांचा भरणा आहे तेथे तेथे, नवमीला लेथ, शेपर आणि ड्रिल मशीन यांच्यापुढे उदबत्ती लागलेली दिसते. ड्रिल मशीनच्या चकला, म्हणजे ड्रिल पकडून धरणाऱ्या भागाला, त्या दिवशी विशेष मान मिळतो, कारण तो समोरच, डोळ्यांच्या उंचीवर असतो. त्याच्या तिन्ही जबड्यांना कुंकू लागते, आणि एखाद्या भाविकाने तेलाचा डबा उपडा करून त्याला यथासांग अभ्यंगही घातलेले असते.

हे तेल पूजेत मोजावे की अपराधात, हे ठरविण्यासाठी चक आपल्या जागी कशाने टिकतो ते पाहिले पाहिजे. उभ्या ड्रिल मशीनचा चक बहुधा आट्यांनी जखडलेला नसतो आणि खिळीनेही अडकवलेला नसतो. स्पिंडलच्या पोटात एक निमुळते भोक असते, त्यात तितकाच निमुळता आर्बर बसतो, आणि आर्बरच्या खालच्या आखूड निमुळत्या टोकावर चक बसतो. वरच्या बैठकीला स्टीफन मोर्सचे नाव आहे, ज्याने पिळाच्या ड्रिलचे पेटंट 1863 साली घेतले. खालच्या बैठकीला आर्थर जेकब्जचे, ज्याने चावीने आवळण्याच्या तीन जबड्यांच्या चकचे पेटंट 1902 साली मिळविले. मोर्सच्या टेपरचा उतार इतका सौम्य असतो की सुमारे 20 मिलिमीटर लांबीत व्यास केवळ एका मिलिमीटरने बदलतो, आणि या सौम्यतेमुळेच पोलादाला पोलाद घर्षणाने धरून राहते. भोक पाडताना खालून वर येणारा दाब ही पकड अधिकच घट्ट करतो. मात्र आडवा जोर तिला सोसत नाही, म्हणून ड्रिल मशीनवर मिलिंगचे काम करू पाहणाऱ्याचा चक केव्हा तरी हातावर येऊन पडतो.

आता या घर्षणाला एकच अट आहे: दोन्ही पृष्ठे स्वच्छ आणि कोरडी हवीत. तेलाचा पापुद्रा किंवा वाळूचा एखादा कण मध्ये राहिला की बैठक पुरी होत नाही, भार येताच आर्बर आतल्या आत घसरतो, घसरताना ओरखडे पाडतो, आणि त्या ओरखड्यांच्या कडा एकमेकींत रुतल्या म्हणजे जो चक काम करताना टिकत नव्हता तोच काढू म्हटले असता निघत नाही. उलट चकच्या आतील आट्यांना आणि जबड्यांच्या खाचांना पातळ तेलाचा एखादा थेंब हवाच असतो, विशेषतः या किनाऱ्यावर, जेथे दिवसा वाळवंटाची धूळ आणि रात्री समुद्राचे दमट वारे पाळीपाळीने लोखंडावर पहारा देतात. पण तेथे कुंकू, तेल आणि लोखंडाचा कीस यांचा लगदा झाला, की तो पॉलिशपेपरचेच काम करतो. म्हणजे एकाच वस्तूच्या दोन अंगांना दोन परस्परविरुद्ध उपचार हवेत, आणि कोणते अंग कोणते हे भक्तीला आपोआप कळत नाही.

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर जी प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी जी टिपून घेतली, त्यांत बाह्य क्रियेला कर्म आणि तिच्या जोडीने चालणाऱ्या चित्ताच्या मशागतीला विकर्म म्हणून, ही दोन्ही जुळली असता कर्माचा भार नाहीसा होतो असे प्रतिपादन आहे. क्रिया आहे पण चित्त नाही, या दारिद्र्याकडे त्यांचे लक्ष होते, आणि त्यांच्यापुढील श्रोत्यांना त्याचीच गरज असावी. कारखान्यात मात्र दारिद्र्याचा दुसराही प्रकार आढळतो: चित्त ओथंबलेले आहे, डोळे मिटलेले आहेत, आणि हात टेपरवर तेल ओतीत आहे. अंतःकरणाच्या शुद्धीने ही चूक दुरुस्त होत नाही. ती टेपर म्हणजे काय हे समजल्यानेच होते. ज्ञान श्रेष्ठ की भक्ती, हा वाद आपल्याकडे शतकानुशतके मोक्षाच्या संदर्भात चालला. तो एखाद्या यंत्रशाळेत चालला असता तर फार लवकर निकालात निघाला असता असे मला वाटते. कुराणात दाऊद पैगंबरासाठी ईश्वराने लोखंड मऊ केल्याचे सांगितले आहे, आणि त्याला जोडूनच चिलखताच्या कड्या बेताच्या मापाने गुंफण्याची आज्ञा आहे. लोखंड मऊ झाले ते कृपेने, पण मापाची जबाबदारी माणसाकडेच राहिली.

चक उतरविण्याच्या हत्यारांची कथा याहून उद्बोधक आहे. वरची बैठक सोडविण्यास ड्रिफ्ट लागते. ही एक चपटी, निमुळती पोलादी पट्टी असते. क्विल (स्पिंडलभोवतीची सरकती नळी) खाली आणावी, तिच्यातील व स्पिंडलमधील खाच समोरासमोर आणावी, पट्टी आत सरकवावी, खाली टेबलावर लाकडाचा ठोकळा ठेवावा आणि हातोडीचा एक नेमका ठोका द्यावा, की आर्बर सुटतो. खालच्या बैठकीसाठी दुबेळक्याच्या आकाराच्या दोन पाचरी चक आणि आर्बर यांच्यामध्ये समोरासमोरून घालून आवळतात. ही हत्यारे एका जेवणाच्या किमतीत मिळतात, मात्र टेपरचा क्रमांक आणि आर्बरची जाडी दुकानदारास सांगता आली पाहिजे. आणि वर्षातून एकदोनदाच लागत असल्यामुळे ती ज्या दिवशी लागतात त्या दिवशी हटकून सापडत नाहीत. मग पेचकस पुढे येतो, छिन्नी पुढे येते, पाइपपाना पुढे येतो, आणि जी पकड एका ठोक्याने सुटावयाची ती शंभर ठोक्यांनी विद्रूप होते. पाचरी नसल्या तरी जाणता फिटर धीर सोडत नाही. जबडे पुरते मागे घेऊन चकच्या पोटातून मधोमध भोक पाडतो आणि आर्बर आतून ठोकून काढतो. तेथेही बळापेक्षा रचनेचे ज्ञानच उपयोगी पडते.

पट्टी सापडत नाही याचे मूळ निष्काळजीपणात आहे असे म्हणणे सोपे आहे. मला ते मालकीत दिसते. बलुतेदारीतील सुताराचे हत्यार त्याचे स्वतःचे, बहुधा बापाकडून आलेले असे, आणि खंडेनवमीला तो ज्याच्यापुढे वाकत असे ते त्याच्या वहिवाटीचेच होते. शारजाच्या गाळ्यातील कारागिराचे ड्रिल मशीन कंपनीचे, राहण्याची खोली कंपनीची, देशातील वास्तव्य व्हिसाच्या मुदतीचे. जे आपले नाही आणि उद्या ज्याच्यापाशी आपण नसू, त्याचे ऋण आपण का मानावे, हा त्याचा प्रश्न उद्धटपणाचा नाही. आयुधपूजेच्या परंपरेत याचे उत्तर मला स्पष्ट सापडत नाही, कारण ती पूजा हत्यार आपले आहे हे गृहीत धरूनच जन्मली. शेजारच्या गाळ्यातील पेशावरचा कारागीर मात्र यंत्रापुढे फूल ठेवणे हा दोष मानतो, आणि तरीही त्याची पट्टी मशीनच्या खांबाला साखळीने बांधलेली असते. विचारले तर तो एवढेच म्हणतो की ही अमानत आहे. दुसऱ्याची वस्तू विश्वासाने हाती आली म्हणजे तिची निगा आपल्या वस्तूहून अधिक राखली पाहिजे, आणि तिचा हिशेब घेणारा मालक गाळ्याच्या दारावरील पाटीवर लिहिलेला नाही. परकेपणामुळे जेथे आपले ऋण पातळ होते, तेथे त्याचे घट्ट होते. या एका मुद्द्यावर त्याची भूमिका आमच्यापेक्षा बळकट आहे, हे मान्य करण्यात मला संकोच वाटत नाही.

तर मग फूल व्यर्थच काय? मला तसे वाटत नाही. नवमीला या देशात सुटी नसते, तरी पूजेच्या निमित्ताने तासभर का होईना, यंत्र थांबते, आणि मुकादमाला यंत्र थांबविण्यास दुसरे कोणतेही कारण पटत नाही. तो तास असा खर्चावा: चक उतरवावा, प्रेसमध्ये बाहेरची बाही काढून तीन जबडे आपापल्या क्रमांकानुसार मांडावे, दोन तुकड्यांची नट परस्परांची जोडी न मोडता घासलेटात धुवावी, पातळ तेल आट्यांपुरतेच द्यावे, टेपरची दोन्ही पृष्ठे कोरड्या फडक्याने पुसावी, आणि जबडे आत ओढून घेऊन लाकडी हातोडीच्या एका ठोक्याने चक पुन्हा बसवावा. ज्याला फूल वाहावयाचे असेल त्याने ते नंतर खांबावर वाहावे. पाचर धरण्यास पेशावरच्या त्या शेजाऱ्याला बोलाविले तर दोहोंपैकी कोणाच्याही धर्माला अडचण येण्याचे कारण नाही. फक्त नारळ फोडण्यापूर्वी बोलवावे.