गळालेला शब्द

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एका दुकानात निखिल कॉलेज सुटल्यावर हाताखाली काम करायचा. मंगळवेढ्याकडून आलेले सतारीचे भोपळे पुसायचे, पॉलिशला हात लावायचा, आणि कानात सदा इअरफोन. इंग्रजी शिकायचं त्यानं मनावर घेतलं होतं. फोनमध्ये पॉडकास्टची ही भली मोठी यादी. बीबीसीचं ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ तो दीडपट वेगानं ऐकायचा, म्हणजे सहा मिनिटांचा भाग चार मिनिटांत उरकायचा. त्याला सगळं कळायचं. खरंच कळायचं. पण दुकानात परदेशी गिऱ्हाईक आलं, की हा आतल्या खोलीत भोपळे मोजायला पळायचा.

गिऱ्हाइकाशी बोलायचे ते दुकानातले कारागीर चाचा. वय पंचाहत्तर, शिक्षण सातवी. क्रियापदं चुकायची, पण बोलणं कधी अडलं नाही. तार कुठली, लाकूड कुठलं, बोटीनं किती दिवस लागतील, सगळं इंग्रजीत पटवून द्यायचे, वर भावात घासाघीसही करायचे.

“चाचा, तुम्ही इंग्रजी शिकलात कुठं?”

“रेडिओवर.”

१९६७ साली पंडित रविशंकरांची सतार कॅलिफोर्नियात माँटेरेच्या महोत्सवात गाजली. तिकडच्या तरुणांत सतारीचं वेड वाढलं, आणि पुढं एखादा गोरा पत्ता विचारत या गल्लीतही येऊ लागला. चाचा तेव्हा ऐन विशीत. हातवारे करून भाव सांगताना जीव मेटाकुटीला यायचा. कुणीतरी सांगितलं, व्हॉइस ऑफ अमेरिकेवर ‘स्पेशल इंग्लिश’ लागतं, ते ऐक. १९५९ साली सुरू झालेला हा कार्यक्रम मुद्दाम परभाषकांसाठी होता. शब्द जेमतेम दीड हजार, वाक्यं आखूड, वाचन संथ.

“रोज रात्री ट्रान्झिस्टर घेऊन बसायचो,” चाचा म्हणाले. “पण शॉर्टवेव्ह ती. बातमी ऐन रंगात आली की नेमका शब्द गडप.”

शॉर्टवेव्हचं असंच असतं. लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून खाली येतात आणि तो थर काही एकसारखा राहत नाही. आवाज भरतो, ओसरतो. त्या काळी सगळे शॉर्टवेव्हच्या नावानं बोटं मोडायचे.

“मग हो?”

“मग काय! गळालेला शब्द आपण घालायचा. मोठ्यानं. तो म्हणाला, ‘द प्रेसिडेंट विल’, आणि खर्रर्र. मी ओरडायचो, ‘कम’! तीच बातमी पुन्हा लागली की कळायचं, ‘स्पीक’ होतं. आमची अम्मी म्हणायची, पोरगं रेडिओशी भांडतंय.”

निखिल हसला. “बरं झालं, आता ती कटकट नाही. एकेक अक्षर स्वच्छ ऐकू येतं. लिहिलेलंसुद्धा मिळतं.”

“हां. आण तो फोन इकडं.”

‘सिक्स मिनिट इंग्लिश’मध्ये सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतात, तीन पर्याय देतात, उत्तर अगदी शेवटी. पर्याय सांगून झाले आणि चाचांनी बोट टेकवून आवाज थांबवला.

“बोल.”

“काय बोलू?”

“त्यानं विचारलंय ना? उत्तर दे त्याला.”

एवढे भाग ऐकले, पण उत्तर द्यायचंही असतं हे निखिलच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो पुटपुटला. चाचांनी मान हलवली, “मोठ्यानं.” मग वाक्य अर्ध्यात तोडायचं आणि पुढं काय येईल ते निखिलनं सांगायचं, असा खेळ सुरू झाला. चौथ्या वाक्याला त्याच्या कपाळावर घाम आला. समोरचा पानवाला मान वर करून बघू लागला. सहा मिनिटांचा भाग संपायला पाऊण तास गेला आणि त्यात निखिलची निम्मी वाक्यं चुकली.

मग चाचा सतारीची जवारी काढायला, म्हणजे तिचा आवाज हवा तसा खुला किंवा बंद करायला बसले. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्यावर कानस एकदाच हलकी फिरवायची, तार छेडायची, कान लावायचा, तार बाजूला सारून पुन्हा कानस. जास्त घासलं तर घोडी वाया. जवारी घाईनं काढणारा कारागीर अजून या गल्लीत तरी झालेला नाही.

निखिलनं दीडपट वेग बंद केला. यादीतले बरेचसे पॉडकास्ट काढून टाकले. आता एकच भाग आठवडाभर पुरायचा, आणि दुकानात पॉलिशच्या वासाबरोबर त्याची तुटक इंग्रजी बडबड भरून राहायची. शेजारच्या दुकानातली पोरं नकला करायची. करोत बापडी.

ऐन पावसाळ्यात एका संध्याकाळी जर्मनीहून व्हिडिओ कॉल आला. चाचांच्या हातात कानस होती. “तू घे,” ते म्हणाले. इकडं पाऊस, तिकडचं चित्र गोठलेलं, आवाज तुटत होता. ‘द साउंड इज’, पुढं काही नाही. निखिलनं आवंढा गिळला.

“क्लोज्ड? नॉट ओपन?”

“येस! अँड द ब्रिज...” पुन्हा तुटलं.

“यू वॉन्ट न्यू ब्रिज?”

“नो, नो...”

“सेम ब्रिज. यू सेंड, वी डू जवारी?”

“येस, जवारी!”

पंधरा मिनिटं हे असंच चाललं. दोनदा अंदाज साफ चुकला, दोनदा गिऱ्हाईक हसलं, पण घोडी पाठवायचं ठरलं आणि मजुरीही ठरली. फोन ठेवून निखिलनं मोठ्या ऐटीत चाचांकडं पाहिलं.

चाचांनी कानस खाली ठेवली. “परत पाठवायच्या पार्सलचे पैसे कोण देणार, ते बोलला नाहीस. तार किती जाडीची वापरतो तेही विचारलं नाहीस. लाव परत फोन.”