पावसाळ्यातला किनारा

मेहकरहून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र शंभर कोसांच्या पलीकडेच. आमची पैनगंगा उन्हाळ्यात गुडघाभरही राहत नाही, त्यामुळे होडी ही इथल्या पोरांनी पाठ्यपुस्तकातच पाहिलेली वस्तू. तरी मोबाइलने समुद्र घरात आणून ठेवला आहे. शिडाच्या बोटीत संसार थाटून या बेटावरून त्या बेटावर फिरणारी कुटुंबं आता आमच्याकडेही रात्री जेवणं आटोपल्यावर पाहिली जातात. आपल्याकडेही नौदलातून निवृत्त झालेला एक अधिकारी घरातलं किडूकमिडूक विकून बायको आणि मुलीसह बोटीवर राहायला गेल्याचं वर्तमानपत्रांत येऊन गेलं. पाहणारा ऐकवतो, ‘काय नशीब आहे! ना घराचा हप्ता, ना शेजाऱ्यांची कटकट.’ या कौतुकाशी मला थोडं भांडायचं आहे. ही माणसं घर सोडून निघाली असतील, पण ठिकाणा सोडून निघालेली नाहीत. त्यांची सगळी मोकळीक त्या ठिकाण्यावर उभी आहे.

मराठी माणसाच्या समुद्रकथा बहुतेक पराक्रमाच्या आहेत. नौदलातले दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ला मुंबईहून ‘म्हादेई’ ही शिडाची बोट घेऊन एकटे निघाले आणि चार बंदरांत थांबून १९ मे २०१०ला पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. बोट गोव्यातच, रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. हे सगळं अभिमानाचं, पण त्यात संसार नव्हता, मागे नौदल उभं होतं आणि परतायची घाई होती. बोटीवरच्या कुटुंबाचं तसं नसतं. तिथे लाट कितीही उसळली तरी संध्याकाळी भात शिजवायचा असतो. बोटीतली शेगडी बिजागरीवर झुलती बसवलेली असते. बोट डावीकडे कलली तरी पातेलं सपाट राहतं. अशा स्वयंपाकघरात प्रेशर कुकरला मोठा मान, कारण हेलकाव्यात झाकण उडत नाही आणि गॅस वाचतो. गोडं पाणी मोजून वापरायचं, रात्री आळीपाळीने जागायचं, नांगर घसरत नाही ना ते पाहायचं, पोराच्या अंगात जीवरक्षक जाकीट घालून त्याला पट्ट्याने बोटीशी बांधायचं आणि सकाळी त्याच पोराकडून पाढे म्हणून घ्यायचे. आमच्याकडच्या कोणत्याही गृहिणीला यातलं निम्मं कळेल.

चित्रफितीत न येणारा भाग कॅलेंडरचा. गालापागोसपासून मार्केसास बेटांपर्यंत सुमारे ३,००० सागरी मैलांचा सलग प्रवास असतो. तो बोटी साधारण वसंतात करतात, व्यापारी वारे पाठीशी घेऊन. पुढचे महिने बेटांवरून फिरत जायचं आणि नोव्हेंबर आला की बहुतेकांनी न्यूझीलंड गाठायचं, कारण नोव्हेंबर ते एप्रिल हे दक्षिण प्रशांत महासागरातले चक्रीवादळांचे महिने. वादळाच्या पट्ट्यात त्या काळात राहिलात तर नुकसान भरून मिळणार नाही, अशी अट अनेक विमा कंपन्या घालतात. प्रत्येक नव्या देशात शिरताना डोलकाठीवर पिवळं निशाण चढवायचं आणि कागदपत्रं तपासून होईपर्यंत कप्तानाशिवाय कोणी किनाऱ्यावर उतरायचं नाही. बोटीची नोंदणी एका देशात, पासपोर्ट खिशात, पैसे बँकेत. वाऱ्यावर स्वार झालेल्या या माणसांइतकी कागदांनी बांधलेली माणसं आमच्या तहसील कचेरीतही सापडणार नाहीत!

आता खरोखर पिढ्यान्‌पिढ्या असं राहिलेली माणसं पाहा. अंदमान समुद्रात, थायलंड आणि म्यानमारच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर, मोकेन नावाचे लोक आहेत. ‘काबांग’ ही त्यांची छप्पर घातलेली लाकडी होडी. कोरड्या दिवसांत कुटुंब त्या होडीत राहायचं, मासे धरत, शिंपले गोळा करत बेटांवरून फिरायचं आणि पावसाळा लागला की एखाद्या आडोशाच्या किनाऱ्यावर तात्पुरत्या झोपड्या घालून थांबायचं. २६ डिसेंबर २००४ला त्सुनामी आली, तेव्हा सुरिन बेटांवरच्या मोकेनांनी पाणी अचानक ओसरताना पाहिलं, वडीलधाऱ्यांच्या गोष्टीतली खूण ओळखली आणि ते उंचावर पळाले. वस्ती गेली, माणसं जवळजवळ सगळी वाचली. पण ती बेटं १९८१पासून राष्ट्रीय उद्यान आहेत. होडीसाठी मोठं झाड तोडायला बंदी. त्सुनामीनंतर विखुरलेल्या वस्त्या एकाच ठिकाणी बसवल्या गेल्या. अनेकांना नागरिकत्वाचा कागद मिळायला वर्षं लागली, काहींना तो मिळालाच नाही. त्यांच्यापासून समुद्र कोणी काढून घेतला नव्हता. काढून घेतला गेला तो किनारा, पावसाळ्यातली थांबायची जागा.

इथे मला मेहकर आठवतं, आणि ते ओढूनताणून नव्हे. सोयाबीन निघालं, दिवाळी झाली, की आमच्या शिवारात मेंढपाळांचे वाडे उतरतात. घोड्यावर बिऱ्हाड, भोवती मेंढ्या, रात्री वाघूर म्हणजे जाळं लावून कळप आत घेतलेला. शेतकरी त्यांना बोलावून मेंढ्या बसवतो, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. कच्छ-काठेवाडाकडून विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या फिरणारे रबारीही दिसतात, ज्यांना आम्ही सरसकट काठेवाडी म्हणतो. त्यांच्या उंटाच्या पाठीवर खाट उलटी बांधलेली असते आणि तिच्या चार पायांच्या कुंपणात गोधड्या, भांडी, दोन कोकरं आणि एखादं शेंबडं पोर सुखाने बसलेलं असतं. मुक्कामाला खाट सुलटी होते की झाला संसार. झुलत्या शेगडीची अक्कल आणि या उलट्या खाटेची अक्कल एकाच जातीची आहे, असं मी मानतो. पण बोटीवरच्या पोराच्या आईबापांना घरचा अभ्यास घेतल्याबद्दल शाबासकी मिळते आणि खाटेतलं पोर हजेरीपटावर शाळाबाह्य ठरतं.

पावसाळ्यात स्थिर आणि उघडिपीत फिरतं, हे चक्र मोकेनांचं, मेंढपाळांचं आणि त्या हौशी खलाशांचंही. आपल्या परंपरेने साधूंनाही चार महिने एका जागी बसवलं. बारमाही भटकणारा माणूस जवळजवळ नसतोच. म्हणून कोण किती हिंडतो याचं मला फारसं अप्रूप नाही. हिंडणं थांबवायची वेळ आली की त्याला कुठे उभं राहू देतात, यावर त्याचं सुख ठरतं. या कसोटीला बोटीवरचं कुटुंब उत्तम उतरतं, कारण त्याच्यासाठी बंदर राखलेलं आहे, पैसे भरून का होईना. वाड्याचं काय?

यावर एक वजनदार आक्षेप आहे. भटक्या समाजांतून आलेल्या लेखकांनी रस्त्याचे गोडवे गायलेले नाहीत. लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ १९८०मध्ये आलं, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७मध्ये. त्यांतली भूक, पोलिसांचा मार आणि गावाने हुसकावणं वाचल्यावर भटकंतीला स्वातंत्र्य म्हणायची जीभ होत नाही. वाड्यावरची बाईही पक्कं घरच मागते, नळ मागते, मुलीसाठी शाळा मागते. तेव्हा ‘त्यांना फिरू द्या, तीच त्यांची संस्कृती’ असं पक्क्या घरात बसून लिहिणं लबाडीचं आहे, हे मला मान्य आहे. मात्र तिला घर हवं म्हणजे कळप विकायचा आहे, असा अर्थ आपण परस्पर काढतो. तिला पावसाळ्याचं घरही हवं आहे आणि उघडिपीची वाटही. बोटवाल्यांना दोन्ही मिळतं आणि कोणी त्यांना एकच निवडा म्हणत नाही.

सरकारी कागदाची तऱ्हा तर अशी, की भटक्या जमातीचा दाखला हवा असेल तर २१ नोव्हेंबर १९६१पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा दाखवा. ज्याची ओळखच एका जागी न राहण्याची, त्याने त्या काळी आपण एका जागी होतो हे सिद्ध करायचं. रेणके आयोगाने २००८मध्ये आणि त्यानंतर इदाते आयोगाने या समाजांच्या कागदांच्या आणि निवाऱ्याच्या दुर्दशेवर अहवाल दिले. पुढचं सांगायला नको.

जागाही आकसत गेली. जवळच्या ज्ञानगंगा अभयारण्यात चराईला मोकळीक नाही. समृद्धी महामार्ग मेहकरजवळून जातो. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ला खुला झाला. त्याने आमचं भलं केलं, नागपूर जवळ आलं. पण तो दोन्ही बाजूंनी बंदिस्त आहे, मेंढ्यांना मनाला येईल तिथून ओलांडता येत नाही, भुयारी वाट असेल तिथेच जायचं. आणि वऱ्हाडात ज्याला ई-क्लास म्हणतात ती गुरचरणाची जमीन गावोगाव कुरतडली गेली आहे. कुठे पेरा झाला, कुठे घरं झाली, कुठे सरकारी इमारत उभी राहिली. अतिक्रमण हटवायची वेळ आली, की पहिलं पाल उठतं ते फिरस्त्याचं, कारण ते उठवायला सर्वांत सोपं.

माझं मागणं फार मोठं नाही. प्रत्येक मोठ्या गावाच्या ई-क्लासमध्ये वाड्यांच्या मुक्कामासाठी पाण्याजवळचा एक तुकडा आखून ठेवावा, आणि मुक्कामाच्या दिवसांत जवळच्या शाळेने त्या पोरांना दाखला न मागता वर्गात बसवावं. शाळेचं जमेल; आमच्याकडचे अनेक शिक्षक सांगितल्यावाचून तेवढं करतात. तुकड्याचं अवघड आहे. ग्रामसभेत हा ठराव मांडला तर हात वर करणाऱ्यांत ते शेतकरीही असतील, ज्यांना दरवर्षी लेंडीखत हवं असतं. विरोधातही त्यांतलेच काही असतील, कारण त्या जमिनीला लागून त्यांचा बांध आहे आणि तो दर नांगरटीला थोडा पुढे सरकतो.