नेम कोणाचा, कष्ट कोणाचे?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या अंकासाठी चार ओळी लिहा, असे मंदिरातल्या मंडळींनी सांगितले. मी काही शास्त्री-पंडित नाही. सांगलीत राहणारा निवृत्त माणूस. दर वर्षी मार्गशीर्षात घरी श्रीगुरुचरित्राचा सप्ताह करतो, एवढीच काय ती सेवा. मागच्या वर्षी त्या सप्ताहातच एक गोष्ट घडली, ती सांगतो. विषय मोठा नाही, पाट्या-वरवंट्याचा आहे.

आमच्या घरी एक नियम होता. सप्ताहाच्या नैवेद्याला मिक्सर चालायचा नाही. चटणी, वाटण, शेवटच्या दिवशीचे पुरण, सगळे पाट्यावर. आईचा हा शिरस्ता मी पुढे चालवला. कोणी विचारले की अभिमानाने सांगायचो, "आमच्याकडे अजून पाट्यावरचं असतं हो!" पाट्यावरच्या चटणीची चव वेगळी लागते हे खरेच आहे. मिक्सरचे पाते चिरते, वरवंटा रगडतो. पण मी चवीचे नाव कधी घेत नसे, नेमाचे घेई.

मागच्या वर्षी मुलगा सप्ताहाला पुण्याहून आला, तो एक बोलका स्पीकर घेऊन. पहिल्याच दिवशी सकाळी त्याने त्या गोल डबीला हुकूम सोडला आणि तिने खणखणीत आवाजात पोथी सुरू केली. हा दाढी करतोय, चहा पितोय, मोबाइल बघतोय आणि पोथी चालली आहे आपली. मी चिडलो. म्हटलं, "अरे, याला काय पारायण म्हणतात? यंत्रानं वाचलं तर पुण्य यंत्राला!"

तो शांतपणे म्हणाला, "बाबा, मी स्पीकरच्या तोंडानं वाचतो, तुम्ही आईच्या हातानं वाटता. फरक काय?"

मला उत्तर सुचेना. स्वयंपाकघरातला वरवंट्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

त्या रात्री झोप लागली नाही. घरातली एकेक वस्तू डोळ्यांपुढे येऊ लागली. पारायणाला बसण्याआधी मी स्नान करतो ते गिझरच्या पाण्याने. थंडीत पहाटे कृष्णेत बुडी मारायला काही जात नाही. पाणी वर चढते ते मोटरने. पहाटेची जाग मोबाइलच्या गजराने. पुरणाची डाळसुद्धा कुकरमध्येच शिजते. हे सगळे घरात आले तेव्हा मी कोणत्याही शास्त्राला विचारले नव्हते. माझे कष्ट वाचवणारे यंत्र आले की ती सोय, आणि हिचे कष्ट वाचवणारे आले की नेमभंग! हा न्याय मी कुठून आणला होता?

आणखी एक आठवले. दोन वर्षे झाली, हिचा उजवा खांदा आखडलेला आहे. फळीवरचा डबा ती डाव्या हाताने काढते. मला वाटायचे, सवय असेल. दिसत होते, पण मी पाहत नव्हतो.

कोणी म्हणेल, मग परंपरा मोडायची का? मीही मनाशी तेच म्हणालो. पण आई स्वतः वाटत होती. तिचा नेम तिच्या मनगटात होता, माझा नुसता जिभेवर होता. आपण धरलेला नियम आपल्या अंगाला झोंबत नसेल आणि दुसऱ्याच्या अंगाला झोंबत असेल, तर त्याला नेम म्हणावे की हट्ट?

सकाळी हिला विचारले, "तुला पाट्यावर वाटायचं होतं का गं?"

ती म्हणाली, "चाळीस वर्षांत आज विचारलंत." मग थोड्या वेळाने, "चटणी वाटायला आवडायचं. पुरण मात्र नको व्हायचं हो."

त्या दिवशी वाटण मिक्सरवर झाले. मला चुकल्याचुकल्यासारखे होत होते, ते तिच्या लक्षात आले. "महाराज काही रागवायचे नाहीत," म्हणाली. काम लवकर आटोपले, तशी ती पदराला हात पुसत पाटावर येऊन बसली आणि पोथी ऐकू लागली. तेव्हा मला कळले की इतक्या वर्षांत आपल्याच घरातला सप्ताह तिने एकदाही सलग बसून ऐकला नव्हता. मी वाचत असे तेव्हा ती वाटत असे.

आमच्याकडे दुसऱ्या दिवशी अठराव्या अध्यायाशी थांबतात. घेवड्याच्या वेलाची कथा आपणां सर्वांना ठाऊक आहेच. भिक्षा मिळाली नाही की ज्या वेलाच्या शेंगांवर ते गरीब कुटुंब दिवस काढी, तोच वेल श्रीगुरूंनी तोडला. बाई रडू लागली, नवऱ्याने तिची समजूत घातली. पुढे वेलाचे मूळ खणताना धनाने भरलेला कुंभ सापडला. पोथीत बाईची समजूत नवऱ्याने घातली, आमच्या घरी उलटे झाले. अध्याय संपला तेव्हा ही म्हणाली, "ती बाई रडली ते बरोबरच होतं. वेलाला पाणी तीच घालत असणार."

अनेक वर्षे मी हा अध्याय वाचतो आहे. हे मला कधी सुचले नव्हते.

शेवटच्या दिवशी पुरण पुरणयंत्रातून काढले, फिरवायला मुलाला बसवले. चटणी मात्र पाट्यावरच झाली, आणि ती मी वाटली. गुडघे बोलू लागले, चटणी जाडसर राहिली. महाराजांनी तक्रार केली नाही, हिने केली.

स्पीकरचे म्हणाल, तर तो अजून आहे. ज्याला आता अक्षर दिसत नाही अशा म्हाताऱ्या माणसाला तीच डबी गुरुकृपा वाटेल. माझ्या मुलाचे डोळे चांगले आहेत, तेव्हा त्याचे उत्तर त्यानेच शोधायचे. माझे मला मिळाले आहे. यंत्र चांगले की वाईट, हा प्रश्नच नाही. दुसऱ्याचे कष्ट यंत्राने हलके होत असतील तर खुशाल होऊ द्यावेत. आपली सेवा तेवढी आपण करावी.

यंदा सप्ताहाआधी पाट्याला टाकी लावून घेतली आहे. आपल्याही घरी असा एखादा नेम असेल. तो कोणाच्या हातावर चालला आहे, तेवढे एकदा पाहावे, ही विनंती.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!