पुन्हा चांदीच्या पाण्यात

गारखेड्यात सूतगिरणी चौकाजवळ तिच्या वडिलांचं चिकन सेंटर. मुलगी प्राणिशास्त्रात पीएच.डी. करत होती, विषय कोंबडीच्या डोळ्याचा पडदा. सकाळी दुकानातले ताजे डोळे डब्यात घालून न्यायचे, काही दिवस पोटॅशियम डायक्रोमेटात बुडवायचे, मग सिल्व्हर नायट्रेटात. साधलं तर पिवळ्या पार्श्वभूमीवर एखादी पेशी फांद्यांसकट काळीभोर उमटते. तिच्या काचपट्ट्यांवर मात्र प्रत्येक वेळी नुसता करडा गाळ. शेवटी विषयच बदलायचा असं ठरवून ती क्रीडा संकुलामागे राहणाऱ्या निवृत्त सरांकडे गेली.

सरांनी काचपट्टी उजेडात धरली.

"ही पद्धत गॉल्जीची, 1873 ची. लहरी म्हणून बहुतेकांनी तिचा नाद सोडला होता. 1887 मध्ये माद्रिदला काहालनं ती पाहिली आणि धरूनच ठेवली."

"त्यांना जमलं, सर. मला नाही जमत."

"त्यालाही पहिल्या फटक्यात कुठं जमलं? एकदा भिजवून रंग धरेना, तर तोच तुकडा तो परत डायक्रोमेटात आणि परत चांदीच्या पाण्यात घालायचा. काप जाड घ्यायचा. पिलांचे, अंड्यातल्या गर्भाचे अवयव घ्यायचा. आणि पडद्यावर त्याचा फार जीव. मेंदूत निरोप कुठून निघाला, कुठं चालला, काही कळत नाही. पडद्यात उजेड कोण पकडतं ते ठाऊक, बाहेर जाणारी नस कुठून निघते तेही ठाऊक. मधल्या पेशी कुणाला टेकतात ते पाहिलं, की निरोपाचा रस्ता हाती लागतो."

"आणि लोकांनी ऐकलं त्यांचं?"

"कुठलं! 1888 मध्ये पदरमोड करून नियतकालिक काढलं, पहिल्या अंकाच्या 60 प्रती. पुढच्या वर्षी स्वखर्चानं बर्लिनची शरीररचनाशास्त्रज्ञांची परिषद गाठली. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये एकेकाला बोलावून सूक्ष्मदर्शकापुढे उभं केलं. त्यांच्यातले म्हातारे कोलिकर वाकून बघत राहिले, आणि त्याच्या बाजूचे झाले. 1906 चं नोबेल काहालला मिळालं तेही गॉल्जीबरोबर, आणि पेशी एकमेकींना टेकतात पण सुट्याच असतात, हे त्याचं म्हणणं गॉल्जीला तेव्हाही पटलेलं नव्हतं." सरांनी काचपट्टी तिच्या हातात दिली. "तू दुसऱ्यांदा भिजवलंस?"

"नाही. दर वेळी नवा डोळा घेतला."

"अंड्यातली पिलं?"

"दुकानात मोठ्याच कोंबड्या येतात."

"मग हा विषय होत नाही, हे कशावरून ठरवलंस?"

ती काही बोलली नाही. रात्री दुकान बंद करताना तिनं वडिलांना विचारलं, "पप्पा, हॅचरीतली अंडी मिळतील? पिलू भरत आलेली?"

"फोन लावतो. किती पाहिजेत?"

पुढच्या खेपेलाही बहुतेक काचपट्ट्या करड्याच निघाल्या. एकीवर मात्र एक पेशी होती: मध्ये छोटंसं पोट, वर एक फांदी, खाली एक, खालच्या टोकाला बारीक झुपका. तिनं वहीत पेन्सिलनं ती काढली, शेजारी दुसऱ्यांदा भिजवल्याचे तास लिहिले आणि उरलेले तुकडे परत डायक्रोमेटात टाकले.