उघडे शस्त्र आणि पूर्वसूचनेचे कर्तव्य

ओपन कॅरी म्हणजे बंदूक किंवा पिस्तूल चारचौघांना दिसेल अशा रीतीने सार्वजनिक जागी बाळगणे. अमेरिकेच्या अनेक राज्यांत हे कायदेशीर आहे. कुठे परवाना लागतो, कुठे तोही लागत नाही. टेक्सासमध्ये परवानाधारकांना उघडे पिस्तूल कमरेला लावण्याची मुभा १ जानेवारी २०१६ पासून मिळाली. लांब नळीची बंदूक खांद्यावर टाकून फिरायला तिथे त्याआधीही मनाई नव्हती. या हक्काचे समर्थक कधी कधी ठरवून जमतात, कधी कॉफीच्या दुकानात, कधी विधानभवनासमोर. असा मेळावा पूर्णपणे कायद्यात बसत असला, तरी त्याची खबर आधी देणे हे कर्तव्य आहे की केवळ भलेपणा, एवढाच येथे प्रश्न आहे.

शस्त्र दिसते, हेतू दिसत नाही. बाळगणाऱ्याला स्वतःचे मन ठाऊक असते. पलीकडच्या टेबलावर मुलाला घेऊन बसलेल्या बाईला ते ठाऊक असण्याचा कोणताही मार्ग नसतो. तिने घाबरून ९११ हा आपत्कालीन क्रमांक फिरवला तर तिला भित्री म्हणणे अन्यायाचे आहे, कारण सभेला आलेला आणि गोळीबार करायला आलेला हे दोघेही पहिल्या क्षणी सारखेच दिसतात. हा फरक सांगू शकेल असा माणूस एकच, तो म्हणजे शस्त्रधारी. सांगण्याचा भार त्याच्यावर येतो तो याच कारणाने. त्याच्या हक्कात काही खोट आहे म्हणून नव्हे. ७ जुलै २०१६ रोजी डॅलसमधल्या निषेध मोर्चात पाच पोलीस मारले गेले. मोर्चात रायफली घेऊन आलेले काही जण होते. त्यांच्यातल्या एका निरपराध माणसाचे छायाचित्र पोलिसांनी संशयित म्हणून प्रसृत केले. तो स्वतःहून पोलिसांसमोर आला आणि पुढे निर्दोष ठरला. पण नेमके कोण गोळ्या झाडते आहे, हे त्या धावपळीत ओळखणे अवघड झाले होते.

यावरचा आक्षेप हलका नाही. आज कळवायचे, उद्या परवानगी मागायची, परवा ती नाकारली जायची. हक्क अशा पायऱ्यांनीच उतरणीला लागतात, असे समर्थक म्हणतात. मात्र कळवणे आणि परवानगी मागणे ही दोन वेगळी कृत्ये आहेत. २ मार्च १९३० रोजी गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहून मिठाचा कायदा मोडण्याचा बेत कळवला आणि ते पत्र रेजिनाल्ड रेनॉल्ड्स या तरुण इंग्रज क्वेकराच्या हाती पाठवले. त्यात कसलीही परवानगी मागितलेली नव्हती. नकाराने बेत बदलणार नव्हता, उलट आधी सांगितल्याने त्यातला लपवाछपवीचा संशय गेला. निःशस्त्र माणसाने जे स्वतःवर बंधन मानले, ते सशस्त्र माणसाला जाचक वाटावे हे थोडे चमत्कारिकच. तत्त्वज्ञ कांटने १७९५ च्या ‘शाश्वत शांती’वरील निबंधात याच्याजवळची कसोटी दिली आहे: इतरांच्या हक्काला स्पर्श करणारी जी कृती उघड करताच निष्फळ ठरते, ती न्याय्य नसते. मेळाव्याची खबर दिल्याने मेळावाच फसणार असेल, तर त्याचा खरा हेतू लोकांना दचकवण्याचा होता काय, हे विचारावे लागते.

तरी नुसती सूचना म्हणजे सौजन्य नव्हे. ऑगस्ट २०१३ मध्ये शस्त्रसमर्थकांनी दुकानांत शस्त्रांना मनाई न केल्याबद्दल स्टारबक्स या कॉफी कंपनीचे आभार मानण्याचा एक दिवस ठरवून तो आधीच जाहीर केला. त्यात न्यूटाउनच्या दुकानात जमण्याचाही बेत होता. आठ महिन्यांपूर्वी त्याच गावातल्या शाळेत वीस मुले आणि सहा मोठी माणसे गोळीबारात मेली होती. दुकानाने त्या दिवशी लवकर दार लावून घेतले. सप्टेंबरात कंपनीप्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ यांनी खुले पत्र लिहून ग्राहकांना शस्त्रे आणू नका अशी विनंती केली. येथे सूचना होती, पण समोरच्याला नाही म्हणायला वाव नव्हता. दुसऱ्याच्या जागेत जाताना मालकाला विचारणे आणि पोलिसांना केवळ कळवणे, यांत गल्लत करू नये. चर्चच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट होते. जॉर्जियात २०१४ च्या कायद्याने शस्त्र आत येऊ द्यायचे की नाही, हा निर्णय त्या त्या प्रार्थनास्थळावर सोपवला. ज्या दारात माणूस यजमानाचा पाहुणा असतो, तिथे यजमानाचा शब्द शेवटचा.

हे कर्तव्य सर्वांवर सारख्याच वजनाने पडते असे मात्र म्हणता येत नाही. २ मे १९६७ रोजी ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या पक्षाचे सुमारे तीस जण, त्यांतले अनेक भरलेल्या बंदुका घेऊन, कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरले. ज्या पोलिसांवर नजर ठेवण्यासाठी त्यांनी शस्त्र धरले, त्याच पोलिसांना आधी कळवा म्हणणे म्हणजे त्यांच्या तक्रारीकडे पाठ फिरवणे होते. ज्याला यंत्रणेकडून न्याय्य वागणुकीची खात्री आहे, त्याला सूचना स्वस्त पडते; ज्याला ती नाही, त्याला महाग. म्हणून सूचनेचे कर्तव्य सूचना घेणाऱ्यालाही बांधते: मिळालेली खबर त्याने माणसे वेचून काढण्यासाठी वापरता कामा नये.

पँथर ज्या विधेयकाला विरोध करायला गेले होते, ते त्याच वर्षी मंजूर झाले आणि भरलेले शस्त्र उघडपणे बाळगायला कॅलिफोर्नियात बंदी आली. रिकामे पिस्तूल दाखवण्याची मोकळीक मात्र उरली होती. २०१० च्या सुमारास तिचाच आधार घेऊन लोक कॉफीच्या दुकानांत पिस्तुले लावून जमू लागले. १ जानेवारी २०१२ पासून तीही बंद झाली.